डॉक्टर शिकतो कुठे?

लोणी काळभोरला राहते म्हटलं की बाहेरचे लोक दोनच गोष्टी विचारतात. राज कपूरचा राजबाग तिथेच ना? आणि थेऊरचा चिंतामणी जवळ आहे ना? दोन्हींचं उत्तर हो. राजबागेत आता मोठं शैक्षणिक संकुल आहे, आणि थेऊर तर हाकेच्या अंतरावर. पण जन्मभर मास्तरकी केलेल्या माझ्यासारखीला आमच्या सोलापूर रस्त्याचं कौतुक तिसऱ्याच कारणासाठी आहे. या रस्त्याने पश्चिमेला गेलं की पुण्यात ससून आणि बी. जे. मेडिकल कॉलेज लागतं. पूर्वेला गेलं की उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम. मध्ये आम्ही. माणसाला बरं करायला शिकवायचं कसं, या प्रश्नाची दोन अगदी वेगळी उत्तरं एकाच रस्त्यावर, तासाभराच्या अंतरावर उभी आहेत!

निमित्त माझ्या भाचीचं. एमबीबीएसला आहे. सुट्टीत आली होती तेव्हा सांगत होती, "मावशी, आम्हाला एक गाव दिलंय आणि त्यातली काही घरं दत्तक दिलीत. त्या घरांत अधूनमधून जायचं, कोणाचं काय दुखतंय, पाणी कुठून येतं, चूल आहे की गॅस, सगळं वहीत लिहायचं. एकदम नवीन पद्धत आहे." नवीन हा शब्द ऐकून माझ्यातली शिक्षिका जागी झाली. कारण यातलं जवळजवळ काहीच नवीन नाही. फक्त ते आधी ज्यांना शिकवलं गेलं त्यांना कोणी डॉक्टर म्हणत नव्हतं. आजचं लिखाण त्याबद्दल. (जरा लांबलंय. चहा घेऊन बसा.)

आधी एक जुनी गोष्ट. हल्ली मेडिकल कॉलेजांत 'स्किल लॅब' असते. प्लास्टिकच्या हातावर सुई टोचायची, रबरी छातीवर दाब द्यायचा. पुतळ्यावर चूक झाली तरी पुतळा ओरडत नाही, हा त्यातला फायदा. सुश्रुतसंहितेत नेमका हाच विचार आहे. शिष्य कितीही पढलेला असला तरी हाताला सराव नसेल तर कामाला नालायक, म्हणून भोपळ्या-काकडीवर छेद घ्यायचा, कमळाच्या देठावर शीर उघडायला शिकायचं, कापडावर आणि मऊ कातड्यावर टाके घालायचे, बाहुल्याला पट्ट्या बांधायच्या. हे वाचल्यापासून भोपळा चिरताना मला उगाचच विद्वान झाल्यासारखं वाटतं! पण पुढच्या काळात हात आणि पोथी यांची फारकत झाली. शस्त्रक्रिया एकाकडे गेली, शास्त्र दुसऱ्याकडे.

आता एकदम मुंबईत येऊ, सन १८२६. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने मुंबईत एक देशी वैद्यकशाळा काढली. प्रमुख होते सर्जन जॉन मॅक्लेनन. सरकारी दवाखान्यांना आणि पलटणींना हाताशी माणसं हवी होती, एवढाच साधा हेतू. पण शिकवायचं कुठल्या भाषेत? इथल्या. म्हणजे मराठीत आणि गुजरातीत! जरा डोळ्यांपुढे आणा. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघायला अजून सहा वर्षं आहेत, मराठी गद्य नुकतंच पाळण्यात आहे, आणि कोणीतरी मराठीतून शरीरशास्त्र शिकवायचा घाट घालतंय. पुस्तकं नव्हतीच, ती भाषांतर करूनच उभी करायची. प्रत्येक हाडाला, प्रत्येक रसाला नाव शोधायचं. १८३२ साली ही शाळा बंद झाली. सरकारला हवं ते फळ मिळालं नाही म्हणून. सहा वर्षांत नव्या भाषेतलं नवं शास्त्र फळाला यावं ही अपेक्षाही जरा जास्तच होती म्हणा. आंब्याच्या कोयीलासुद्धा आपण त्याहून जास्त वेळ देतो.

त्यानंतर १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांचं नाव त्याला दिलं, ते स्वतः १८३८ मध्येच गेले होते. इथे भाषा इंग्रजी. पण एक गोष्ट फार चांगली झाली. कॉलेजच्या शेजारीच जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभं राहिलेलं रुग्णालय होतं, आणि पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोअरहेड यांचा भर खाटेशेजारी शिकवण्यावर होता. रुग्ण बघा, नोंद ठेवा, मग बोला. १८५१ साली पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली, त्यात भाऊ दाजी लाड होते. हे सगळं आपण शाळेत वाचलेलं असतं. शाळेत जे वाचायला मिळत नाही ते पुढे आहे.

ग्रँट कॉलेजात १८६१ च्या सुमारास देशी भाषेतले वर्ग पुन्हा सुरू झाले. हे वर्ग डॉक्टरांसाठी नव्हते. 'हॉस्पिटल असिस्टंट' तयार करण्यासाठी होते. नंतर मराठी शिक्षण पुण्यात आलं आणि १८७८ साली बैरामजी जीजीभाई यांच्या देणगीतून पुण्यात वैद्यकशाळा निघाली. आज आपण जिला बी. जे. म्हणतो तिचं हे मूळ. म्हणजे ज्या कॉलेजात आज प्रवेश मिळाला की पेढे वाटतात, त्याची सुरुवात मराठीतून शिकणाऱ्या मदतनिसांच्या शाळेपासून झाली आहे. तालुक्याच्या दवाखान्यात, जिथे ग्रँट कॉलेजचा पदवीधर सहसा दिसत नसे, तिथे हा हॉस्पिटल असिस्टंट असायचा. पगार कमी, मान कमी. पण रुग्ण जे बोलायचा ते त्याला समजायचं आणि तो जे बोलायचा ते रुग्णाला समजायचं.

"पोटात कळ येते", "गोळा उठतो", "कसंनुसं होतं", "अंग मोडून येतं", "छातीत धस्स होतं". ही पाच वाक्यं इंग्रजीत सांगून बघा बरं! निम्मं निदान तिथेच सांडून जातं.

पुण्यातच अशी दुसरी गोष्ट घडली, आणि ती बायकांची आहे. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत एम. डी. झाल्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रीविभागात त्यांची नेमणूक ठरली होती, आणि काम सुरू होण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्या गेल्या. वय एकवीस. ही कहाणी आपल्याला माहीत आहे, त्यावर नाटक-सिनेमे झाले. पण १९०९ साली निघालेल्या पुणे सेवासदनाने जे केलं त्यावर कोणी सिनेमा काढला नाही. रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांच्या या संस्थेने काही वर्षांतच बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. त्यात विधवा होत्या. परक्याच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र उचलायचं, जातपात न विचारता, आणि तेही पुरुषांच्या दवाखान्यात. पुण्याच्या पेठांत काय बोललं गेलं असेल याची कल्पना करा. त्यांच्यासाठी ससूनजवळ वेगळं वसतिगृह करावं लागलं.

शिक्षिका म्हणून मला यातली पद्धत दिसते. या मुलींचं शिकणं रुग्णाच्या उशाशी झालं. ताप कसा चढतो हे त्यांनी फळ्यावर नाही, रात्रभर जागून पाहिलं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला विल्यम ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या खोलीतून उठवून वॉर्डात नेलं, म्हणून जगभर त्यांचं नाव घेतात. घ्यायलाच हवं. पण नर्स हे आधीपासून करत होत्या. त्याला कोणी 'पद्धत' म्हटलं नाही, 'काम' म्हटलं.

इथे मी थोडी थांबते, कारण मला जे सांगायचंय ते हेच आहे. शिकवण्याच्या ज्या रीती आज उत्तम मानल्या जातात, म्हणजे रुग्णाच्या भाषेत शिकणं, रुग्णाच्या जवळ राहून शिकणं, करून शिकणं, त्या आपल्याकडे आधी 'खालच्या' समजल्या गेलेल्या लोकांच्या वाट्याला आल्या. हॉस्पिटल असिस्टंट, नर्स, आणि पुढे खेड्यातल्या बाया. डॉक्टरांच्या वाट्याला आलं व्याख्यान.

आता १९४६. हे वर्ष आमच्या सोलापूर रस्त्याचं आहे.

मार्च १९४६ मध्ये गांधीजी उरुळी कांचनला आले. त्यांच्या डोक्यात निसर्गोपचाराचं केंद्र काढायचं होतं. आधी पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या दवाखान्यात ते करायचा विचार होता. मग त्यांना वाटलं की शहरातला दवाखाना गरिबांचा होणार नाही, खेड्यात जायला हवं. उरुळीत आठवडाभर राहून त्यांनी स्वतः रुग्ण पाहिले. माती, पाणी, आहार, सफाई, रामनाम. यातल्या उपचारांबद्दल आपलं मत काहीही असो (माझा रक्तदाबाच्या गोळीवर पूर्ण विश्वास आहे!), त्यातली शिकवणीची कल्पना मला मोठी वाटते. रुग्ण बरा होऊन घरी गेला की काम संपलं असं नाही. पुन्हा आजारी पडू नये म्हणून कसं राहायचं हे त्याला यायला हवं. म्हणजे दवाखाना हीच शाळा आणि रुग्ण हाच विद्यार्थी. गांधीजी गेले, पण मणिभाई देसाई उरुळीतच राहिले, जन्मभर. पुढे १९६७ साली त्यांनी 'बाएफ' उभी केली, ती वेगळी गोष्ट.

त्याच १९४६ मध्ये रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पुण्याच्या बी. जे. स्कूलचं कॉलेज झालं. आणि त्याच वर्षी भोर समितीचा अहवाल आला. (आपल्या भोरशी काही संबंध नाही. सर जोसेफ भोर हे तिचे अध्यक्ष.) या अहवालाने स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा पाया घातला. प्राथमिक आरोग्य केंद्र ही कल्पना त्यातलीच. डॉक्टर हा 'सामाजिक वैद्य' असावा, त्याला प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचं तीन महिन्यांचं शिक्षण मिळावं, असंही त्यात होतं. पण सोबत आणखी एक शिफारस होती. लायसेन्शिएटचे कमी मुदतीचे अभ्यासक्रम बंद करा, देशात एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर असू द्या.

हेतू चांगलाच होता. खेड्याला कमी शिकलेला आणि शहराला पूर्ण शिकलेला डॉक्टर, हा भेद कशाला? पण झालं काय, शाळांची कॉलेजं झाली, दर्जा चढला, आणि चढलेला दर्जा शहरात राहिला. तालुक्याच्या दवाखान्यातली ती समजणाऱ्या भाषेची खुर्ची रिकामी झाली. ती भरायला गावोगाव कंपाउंडर आणि इंजेक्शनवाले आले. आमच्या लहानपणी 'सुई मारणारे डॉक्टर' कोण कोण होते ते घरातल्या मोठ्यांना विचारा, सांगतील.

मग पुन्हा शोध सुरू झाला. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीत, डॉ. सुशीला नय्यर यांनी वर्ध्याजवळ सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढलं. तिथे दर वर्षीची तुकडी एक गाव दत्तक घेते, पहिल्याच वर्षी गावात जाऊन शिबिरात राहते आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबं असतात. गंमत म्हणजे त्याच १९६९ मध्ये तिकडे कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठाने आपली पहिली वैद्यकीय तुकडी घेतली. व्याख्यानं कमी, सहा-सात जणांचा गट, टेबलावर एका रुग्णाची हकीकत, आणि 'आता काय काय शोधायला हवं ते तुम्हीच ठरवा'. ही पद्धत जगभर गेली, तिच्यावर ढीगभर अभ्यास झाले. सेवाग्रामची पद्धत बरीच वर्षं सेवाग्रामातच राहिली. १९७७ साली सरकारने प्रत्येक मेडिकल कॉलेजला तीन विकास गट जोडून द्यायची योजनाही आणली. पण जिथे परीक्षा वॉर्डातल्या रुग्णावर आणि पुस्तकावर होते, तिथे विद्यार्थी गावाकडे सहलीसारखंच बघणार. आम्हा शिक्षकांना हे पक्कं ठाऊक असतं: परीक्षेत जे विचारणार नाही ते मूल शिकणार नाही.

आणि १९७० मध्ये जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्याने तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात काम सुरू केलं. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाईंना गावात ठेवून पाहिलं. जमलं नाही. बाहेरून आलेली, एकटी राहणारी, तिचं कोण ऐकणार? तेव्हा गावातूनच सूचना आली की गावातलीच बाई घ्या. गावाने बाया निवडल्या. बऱ्याच निरक्षर, काही दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, एक रात्र मुक्काम, आणि त्या आठवड्यात आपल्या गावात जे घडलं त्यावर बोलायच्या. अमक्या घरी पोर जुलाबाने सुकलं, मी काय केलं, काय करायला हवं होतं. ऐकलेलं पुन्हा आपल्या तोंडाने सांगायचं, गाण्यात बसवायचं. एकत्र जेवायचं, आणि जातपात मोडावी म्हणून एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपायचं! कोणत्या वैद्यकीय अभ्यासक्रमात हा तास असतो, सांगा.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार त्या गावांतला बालमृत्यूचा दर १९७१ मध्ये हजारी १७६ होता, तो १९९३ पर्यंत १९ वर आला. त्या काळात सगळ्या महाराष्ट्रातच तो उतरत होता हे खरं, पण इतका नाही. या बायांपैकी मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनला परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या की डॉक्टर असे असतात, सुंदर, महाग आणि दूर. मग त्यांनी पिशवीतून दोन साध्या पणत्या काढल्या, एक पेटवली आणि तिच्यावर दुसरी. झुंबराला हे जमत नाही. शिक्षणाच्या पद्धतींवरची जाड पुस्तकं मी बी. एड. ला वाचली. त्या दोन पणत्यांएवढं त्यात काही सापडलं नाही.

गडचिरोलीचं उदाहरणही याच माळेतलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ला गावातल्या बायांना न्यूमोनिया ओळखायला शिकवायचं होतं. बाळाचे श्वास मिनिटाला किती ते मोजायचे. पण बाई बारापुढे मोजू शकत नसेल तर? मग मणी आले आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया समजा. शिकणाऱ्याला कमी येतं म्हणून त्याला नापास केलं नाही, साधन बदललं. १९९९ साली त्यांच्या नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजी घेण्याच्या कामावरचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला, त्यात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं होतं. २००५ नंतर देशभर 'आशा' आल्या, त्यांच्यामागे अशा कामांची पुण्याई आहे.

आता भाचीच्या वहीकडे येते. २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला. सुरुवातीला महिनाभराचा पायाभूत वर्ग आला, त्यात स्थानिक भाषा आली. पहिल्या वर्षापासून रुग्ण दाखवणं आलं. रुग्णाशी बोलायचं कसं, वाईट बातमी सांगायची कशी, हे शिकवणं आलं. किती तास बसलात यापेक्षा काय करता येतं याला किंमत आली. आणि २०२२ पासून कुटुंबं दत्तक देणं आलं. यातली भाषा १८२६ ची, खाट ससूनमधल्या नर्सांची, घर सेवाग्रामचं, पुन्हा पुन्हा करून बघणं जामखेडचं. इतकी वर्षं जे मदतनिसांना दिलं ते अखेर डॉक्टरांनाही मिळायला लागलं, असं मी म्हणेन. चांगलंच झालं.

पण नियमात येणं आणि अंगी लागणं यात अंतर असतं. गेल्या वर्षी आईला पुण्यात एका रुग्णालयात ठेवलं होतं. उपचार चांगले झाले, त्याबद्दल तक्रार नाही. सोडताना एका तरुण डॉक्टरने सात औषधं दीड मिनिटात समजावली. निम्मं इंग्रजी, निम्मं घड्याळाकडे बघत. आई मान डोलवत राहिली. घरी आल्यावर तिने सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडल्या आणि म्हणाली, "यातली झोपेची कुठली आणि हृदयाची कुठली, ते त्याला तरी माहीत होतं का गं?" दोन दिवसांनी आमच्या गल्लीतल्या आशाताई सहज डोकावल्या. त्यांनी पट्ट्या हातात घेतल्या, चिठ्ठी वाचली, एकेक औषध सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "आज्जी, आता तुम्ही मला सांगा. सकाळी उठल्यावर कुठली?" आईने सांगितलं. एक चुकलं, पुन्हा सांगितलं. दहा मिनिटं लागली. याला वैद्यकीय शिक्षणात 'टीच-बॅक' म्हणतात असं भाचीने नंतर सांगितलं. त्या तरुण डॉक्टरला ते नाव बहुधा माहीत असेल. आशाताईंना नाव माहीत नव्हतं, रीत माहीत होती. मानधनाच्या रकमेत मात्र या दोघांमध्ये किती अंतर आहे ते सांगायला नको.

थेऊरला १७७२ च्या नोव्हेंबरात माधवराव पेशवे क्षयाने गेले. सत्तावीस वर्षांचे होते. पेशवाईतलं उत्तमातलं उत्तम वैद्यक त्यांच्या उशाशी होतं, पण त्या काळी जगात कोणाकडेच औषध नव्हतं. आज त्याच पट्ट्यात एखाद्या घरी क्षय निघाला तर सहा महिन्यांच्या गोळ्या फुकट मिळतात. त्या मध्येच सोडू नयेत म्हणून कोणीतरी दारात जाऊन विचारतं, "घेतली का हो आजची?" औषधाचा शोध प्रयोगशाळेत लागला, पण रुग्ण बरा होतो तो या प्रश्नाने. आणि हा प्रश्न रागावून नाही, घाबरवून नाही, आपलेपणाने विचारायचा कसा, हे शिकवावं लागतं. जी ते शिकली आहे तिच्याकडून इतरांनी शिकावं लागतं. भाचीच्या कॉलेजने एखादा तास आशाताईंना दिला तर माझ्या मते ते शोभेल.

असो. आपल्या घराण्यात जुन्या पिढीत कोणी एल.सी.पी.एस., कंपाउंडर, नर्स किंवा सुईण असेल तर त्यांच्या शिकण्याच्या आठवणी मला लिहून पाठवा. कुठल्या गावात शिकले, कोणी शिकवलं, कुठल्या भाषेत, पहिला रुग्ण कोण. डॉक्टरांची चरित्रं पुष्कळ छापली गेलीत. या मंडळींचं शिक्षण कोणी लिहून ठेवलेलं नाही, आणि ज्यांना आठवतं ती माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत.